सत्तेचाळीस नंबरची बरणी

कारभारी पगारे यांच्यावर कुणी लिहिलेलं नाही आणि कुणी लिहील असंही वाटत नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ते शिपाई होते आणि मी शिकवत होते. तेव्हा मी त्यांना सरळ अरे-तुरे करायची. आता लिहिताना आपोआप अहो-जाहो येतंय. उशिरा आलेलं शहाणपण आहे, येऊ द्या.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नाशिकमधलं होतं, एवढं पुरे. विभागप्रमुख होते ढुंढिराज गर्गे सर. घराणं पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांचं, यात्रेकरूंच्या सात-सात पिढ्यांच्या वह्या सांभाळणारं. सरांनी भिक्षुकी केली नाही, पण वहीवरची श्रद्धा मात्र घरून आणली होती. एकदा नोंदलं की नोंदलं. ब्रह्मदेव आला तरी खाडाखोड नाही.

विभागाच्या तीन भिंतींना कपाटं होती आणि त्यांत दीडशेच्या वर बरण्या. दारापासून सुरुवात स्पंजांनी, मग जेलीफिश, जंत, गांडुळं, गोगलगाई, खेकडे, तारामासे. खिडकीपासून पुढे सगळे पाठीला कणा असलेले: मासे, बेडूक, सरडे, साप, पक्षी आणि शेवटी डोळे मिटलेलं एक माकडाचं पिल्लू. प्रत्येक बरणीवर नंबर, इंग्रजी नावाची चिठ्ठी, झाकणाभोवती मेण आणि मेणावर सरांची सही असलेली कागदाची पट्टी. कुणाला काही शंका आली की सरांचं ठरलेलं उत्तर असे, ‘बरणीला विचारा.’ आम्हीही मुलांना तेच सांगत असू.

या बरण्यांचं सगळं कारभारींकडे. वडील मनमाडला रेल्वेत गँगमन. हा मुलगा सातवी होऊन नाशिक रोडला मावशीकडे आला आणि चोविसाव्या वर्षी कॉलेजात तात्पुरता शिपाई म्हणून चिकटला. फॉर्मालिनने त्यांच्या हाताची साल निघायची. बायको नवसाबाई म्हणायची, ‘ह्यांच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो, पोरं जवळ येत नाहीत.’ पण पोरं यायची. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत रविवारी सकाळी ते ओट्यावर बसले की भोवती पाच-दहा पोरं असायचीच, आणि कारभारी त्यांची परीक्षा घेत असायचे. वटवाघूळ पक्षी का नाही? उडतं की. ‘काय करतं ते सांगू नका,’ ते म्हणायचे. ‘उडतं, पोहतं, सरपटतं, त्याला काय अर्थ नाही. कसं बनलंय ते सांगा. पिसं आहेत का? अंडी घालतं का? पिल्लाला दूध पाजतं का?’ माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एवढ्या सरळ भाषेत हे कधी शिकवलं नाही. त्यांनी सगळं दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं होतं. इंग्रजी अक्षरंसुद्धा चिठ्ठ्यांवरूनच लावून लावून शिकले.

माणसांचं वर्गीकरण मात्र आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. स्टाफरूमच्या खिडकीत कारभारींचा कप वेगळा ठेवलेला असे. मी तो रोज पाहायची आणि कधी काही बोलले नाही, हेही इथेच सांगून टाकते.

आता त्या मंगळवारचं. १९८४ सालचा ऑगस्ट होता. सकाळचे सव्वानऊ झाले असतील. मी बेडकांचे ट्रे मांडत होते, तेवढ्यात सरकारी दवाखान्याचा एक वॉर्डबॉय धापा टाकत वर आला. त्याच्यामागे तिशीचा एक शेतकरी, पायाला चिखल, हातात डालड्याचा डबा. त्याचं नाव मल्हारी. डब्यात मेलेला साप होता.

वॉर्डबॉयने डॉक्टरांची चिठ्ठी दिली. मल्हारीची बायको सुलाबाई खाली अंथरुणावर झोपली होती. पहाटे बोटाला काहीतरी टोचलं म्हणून उठली, तर उशाशी हा साप. आठला दवाखान्यात आणली. सूज नाही, पण पोटात कळा येतायत. डॉक्टर नवा होता, नाशिकला येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. त्याने लिहिलं होतं की बाईला जुना दमा आहे. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिला सोसलं नाही तर त्यानेच ती जाईल. तेव्हा साप विषारी आहे का, ते नक्की कळवा, मग मी टोचतो. सापाच्या बाबतीत दवाखान्याला आमच्या विभागाचाच भरवसा होता.

सरांनी डबा टेबलावर उपडा केला. काळा साप, अंगावर पांढरे आडवे पट्टे. मल्हारीने दगडाने डोकं पार ठेचलेलं. आपल्याकडे साप मारायचा म्हणजे डोकंच ठेचायचं, आणि ओळखायच्या खुणा निम्म्या डोक्यावर. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेले आपल्याकडे दोन साप. एक मण्यार: नागापेक्षा जहाल, चावते तेव्हा दुखत नाही, सूज येत नाही, आणि काही तासांनी माणसाचा श्वास बंद पडतो. दुसरा कवड्या: घरात पालींच्या मागे फिरणारा, बिनविषारी. यातला कोणता, एवढाच प्रश्न होता. उत्तरावर एका बाईचा जीव होता.

‘सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस काढ,’ सर म्हणाले. कारभारींनी दोन्ही बरण्या आणून ठेवल्या. सत्तेचाळीस कवड्याची, अठ्ठेचाळीस मण्यारीची. सरांनी मेलेला साप चिमट्याने धरून एकदा या बरणीला लावला, एकदा त्या बरणीला. मीही वाकून पाहिलं. पट्ट्यांची ठेवण, पट्टे मानेजवळ विरळ आणि शेपटीकडे ठळक, पाठीवरचे खवले, सगळं सत्तेचाळीसशी जुळत होतं. अठ्ठेचाळीसशी काहीच जुळत नव्हतं.

‘कवड्या,’ सर म्हणाले. ‘तुमचं काय मत?’

‘कवड्याच,’ मी म्हणाले. मला जराही शंका आली नाही. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि सहा कोनांचे असतात, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, दरवर्षी उत्तरपत्रिकांत तपासत होते. पण वाक्य डोळ्यांपुढे धरून साप पाहायचा असतो, हे मला सुचलं नाही. मी बरणीला विचारलं.

सरांनी चिठ्ठी लिहिली. मल्हारी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

‘सायेब, बिनइषारी हाय ना?’

‘हो, बिनविषारी. काही काळजी करू नका. पोटात दुखतंय ते भीतीने. संध्याकाळपर्यंत घरी न्या तिला.’

मल्हारी मटकन खाली बसला आणि रडायला लागला. ‘लय भ्याली व्हती ती,’ एवढंच म्हणत राहिला. मग त्याने पाणी मागितलं. कारभारींनी तांब्या दिला. तो देताना ते सत्तेचाळीसच्या बरणीकडे बघत होते, निम्मं पाणी मल्हारीच्या सदऱ्यावर सांडलं. मला वाटलं, यांचं लक्ष कुठे आहे आज.

मल्हारी आणि वॉर्डबॉय चिठ्ठी घेऊन जिन्यापर्यंत गेले. सरांनी बेसिनवर हात धुतले. आणि कारभारी दारात जाऊन ओरडले, ‘ओ पाव्हणं, थांबा. उतरू नका.’

मग ते सरांसमोर येऊन उभे राहिले. एरवी कॉलेजात नीट शहरी बोलणारा हा माणूस, त्या दिवशी त्यांच्या तोंडून मनमाडची बोली आली. ‘सर, चिठ्ठी परत घ्या. सत्तेचाळीसमधी कवड्या नाय. ती मण्यार हाय.’

सर आधी हसले. ‘अरे, लेबल वाच.’

‘लेबल मी लावलंय, सर.’

त्र्याहत्तर साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, साफसफाईत त्यांनी सगळ्या बरण्या सोड्याच्या पाण्याने धुतल्या होत्या. चिठ्ठ्या डिंकाच्या. भराभर सुटून बादलीत तरंगायला लागल्या. सर रजेवर होते. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. कोणती चिठ्ठी कुठली ते आठवून आठवून त्यांनी उन्हात वाळवून पुन्हा चिकटवल्या. बाकी सगळ्या बरोबर बसल्या. हे दोन काळे साप शेजारी-शेजारी होते, त्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. रजेवरून आल्यावर सरांनी झाकणांवर मेण आणि सहीची पट्टी चढवली.

‘आणि हे तुला कधी कळलं?’

‘शहात्तर साली. या बाई शिकवत होत्या, मधल्या रांगेचे खवले मोठे म्हणून. मी भिंग घेऊन बघितलं.’

‘आठ वर्षं बोलला नाहीस?’

‘कायम व्हायचं होतं, सर. मग कायम झालो. मग कसं सांगू, ते कळंना.’

सरांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटतं, चूक झाली याचा राग नव्हता तो. त्यांच्या सहीच्या पट्टीखाली अकरा वर्षं चूक बसली होती आणि ती शिपायाने सांगावी, हे त्यांना झेपत नव्हतं. ‘तुला काय कळतं त्यातलं? फॉर्मालिनमध्ये खवले फुगतात. बुबुळावरून ठरवायला तू काय तज्ज्ञ आहेस?’ ते असंच काहीतरी बोलत राहिले. खवल्यांवरून बुबुळावर गेले, तेव्हा मला कळलं की त्यांना स्वतःलाच आता खात्री नाही. मल्हारी दारात उभा राहून एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते.

मेण काढून बरणी उघडायला अर्धा तास तरी लागतो. कारभारींनी खलातला लोखंडी बत्ता उचलला आणि सत्तेचाळीस नंबरची बरणी टेबलावरच फोडली. मग अठ्ठेचाळीस. फॉर्मालिनचा असा भपकारा आला की आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काचांमधून त्यांनी दोन्ही साप नुसत्या हातांनी उचलले आणि मल्हारीच्या सापाच्या दोन्ही बाजूंना सरळ ताणून ठेवले. तळहातातून रक्त येत होतं.

‘बाई,’ ते मला म्हणाले. सरांना नाही, मला. ‘बरणी ऱ्हाऊ द्या. तुम्ही जे शिकवता ते बघा.’

मी भिंग घेतलं. मल्हारीच्या सापाच्या पाठीवर, अगदी मधोमध, एक रांग होती. शेजारच्या खवल्यांपेक्षा ठसठशीत मोठी, आणि प्रत्येक खवल्याला सहा कोन. सत्तेचाळीसमधल्या सापालाही तसेच. अठ्ठेचाळीसमधल्याला नाहीत. पहिलीतल्या पोराला दाखवलं तरी दिसलं असतं.

‘सर, मण्यार आहे,’ मी म्हणाले. ‘आपण तिला घरी पाठवत होतो.’

गर्गे सरांनी स्वतः भिंग डोळ्याला लावलं. किती वेळ वाकून होते कुणास ठाऊक. मग जुनी चिठ्ठी मल्हारीच्या हातातून ओढून फाडली आणि नवी लिहिली. प्राचार्यांच्या खोलीतला फोन नेहमीप्रमाणे बंद होता. कारभारींनी चिठ्ठी खिशात घातली, मल्हारीला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि निघाले. मी रिक्षाने मागून गेले. का गेले ते सांगता येणार नाही. तिथे बसून राहणं शक्य नव्हतं.

मी वॉर्डात पोचले तेव्हा सुलाबाईच्या पापण्या उघडत नव्हत्या. जेमतेम पंचविशीची बाई. कुणीतरी बोटाने तिची पापणी वर केली की बुबुळ हलायचं, म्हणजे तिला सगळं कळत होतं, फक्त शरीर ऐकत नव्हतं. डॉक्टरने इंजेक्शन सुरू केलं. दम्याची भीती खरी ठरली, अंगावर गांधी उठल्या, घरघर सुरू झाली. त्याने दुसरं औषध देऊन ती आवरली. साडेदहाच्या सुमाराला तिचा श्वास थांबला. तिथे यंत्र नव्हतं. रबरी फुगा होता, तोंडावर धरून हाताने दाबायचा. तो मिनिटाला पंधरा-सोळा वेळा दाबायचा आणि थांबायचं नाही. डॉक्टर, नर्स, मल्हारी आणि कारभारी पाळीपाळीने दाबत होते. कारभारींच्या हाताला बांधलेलं फडकं लाल झालं होतं. ‘तुम्ही सोडा,’ नर्स म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. ते तोंडाने आकडे मोजत होते आणि कुणाकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलाबाईने पायाचं बोट हलवलं. चौथ्या दिवशी ती भात खात होती. अर्धा तास उशीर झाला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर मला म्हणाला. मी त्याला सांगितलं नाही की पहिल्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं.

आठ दिवसांनी कारभारींना मेमो मिळाला. विषय: परवानगीविना विभागाच्या मालमत्तेची नासधूस, बरण्या दोन. चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीचा त्यात चकार शब्द नव्हता. तो आला असता तर सरांची सही आली असती, माझ्या प्रश्नपत्रिका आल्या असत्या. प्रयोगशाळा सहायकाच्या बढतीच्या यादीतून त्यांचं नाव तेवढं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर कारभारी स्वतःला संन्यासी मानायला तयार नव्हते. ‘चूक माझी हाय, बाई,’ ते म्हणाले. ‘पण ती एक बाई वाचली म्हणून मिटलं का? अकरा वर्षांत ती बरणी बघून किती पोरं गेली. कुणी मास्तर झालं, कुणी कंपाउंडर. त्यांच्या गावात मण्यार निघाली की ते काय सांगणार? घाबरू नका, कवड्या हाय. कॉलेजात बघितलाय आम्ही.’

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ऐकल्यावर मात्र जेवण जाईना.

त्यांनी कार्यालयातून अकरा वर्षांची हजेरीपुस्तकं मागून आणली आणि पोस्टकार्डं लिहायला घेतली. ठळक, सुटं अक्षर. ‘तुम्ही कॉलेजात सत्तेचाळीस नंबरच्या बरणीत कवड्या म्हणून जो साप बघितला, ती मण्यार होती. अतिशय विषारी आहे. पाठीच्या मधल्या रांगेचे खवले मोठे असतात, ते बघावे. गावात इतरांना सांगावे. चूक माझी आहे. कारभारी पगारे, शिपाई.’ मी पत्ते शोधून द्यायची. बऱ्याच जणांकडून काही आलं नाही. काही कार्डं परत आली. एकाने लिहिलं, धन्यवाद. दिवाळीपर्यंत आम्ही जीव मुठीत धरून टपाल उघडत होतो, न जाणो कुठून काय बातमी येईल.

दिवाळीनंतर भिकन आला. सत्त्याहत्तर सालचा विद्यार्थी, आता नामपूरच्या शाळेत मास्तर. कसल्याशा प्रशिक्षणाला नाशिकला आला होता, म्हणून भेटायला आला. कार्ड खिशात होतं. प्रयोगशाळेत कारभारी आणि मी दोघंच होतो.

‘कारभारी भाऊ, कार्ड भेटलं,’ तो म्हणाला आणि जरासा हसला. ‘पन ती मन्यार शे, हाई माले पहिलाच दिवशी माहीत व्हतं. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा मण्यार ओळखतं.’

‘मग परीक्षेत ती बरणी ओळखायला ठेवली तेव्हा काय लिहिलंस?’ मी विचारलं.

‘कवड्या.’

‘का?’

भिकनने कार्ड काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, ‘बाई, तुमाले आठवत नाही का? सहामाहीला एका मुलीने मण्यार लिहिलं होतं. सुरगाण्याकडची होती. तुम्ही तिला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणालात, बरणी खोटी आणि तू खरी का? ती म्हणाली, हो. तुम्ही तिला शून्य दिलं. मग आम्ही सगळ्यांनी कवड्या लिहिलं.’

मला आठवेना. ती मुलगी आठवेना, तिचं ‘हो’ आठवेना, माझं वाक्य तर मुळीच नाही. पण ते वाक्य माझंच होतं. मी असंच बोलत असे. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती लपवायला त्या खोलीत जागा नव्हती.

‘बायडा,’ कारभारी म्हणाले. ‘बायडा गावित. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. मी त्या दिवशी दारात उभा होतो, बाई. ती खरं सांगतेय हे मला माहीत होतं. पहिलं कार्ड मी तिलाच टाकलं.’

त्यांनी टेबलाचा खण उघडून ते कार्ड मला दिलं. पोस्टमनने पत्त्यावर रेघ मारून लिहिलं होतं, मालक सापडत नाही. मजकुराखाली दोन बोटं जागा उरली होती. तिथे मी लिहिलं की बायडा, तू बरोबर होतीस, मी चूक होते, आणि खाली माझं नाव घातलं. मग ते पाकिटात घालून सुरगाण्याच्या पोस्टमास्तरांच्या नावे पुन्हा टाकलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.